निशाण आहे, जहाजे कोठे आहेत?

स्वतंत्र राष्ट्राच्या व्यापारास दोन साधने लागतात. एक निशाण आणि दुसरे जहाज. निशाण म्हणजे कोणाचीही परवानगी न मागता परमुलखाच्या बंदरात जाण्याचा हक्क, आणि जहाज म्हणजे तो हक्क बजावण्याचे साधन. वकिली भाषेत बोलावयाचे तर पहिला दस्तऐवज होय व दुसरा कबजा होय. ज्यापाशी दस्तऐवज आहे पण कबजा नाही, त्याची मालकी कागदावरच राहते. आणि ज्यापाशी कबजा आहे पण दस्तऐवज नाही, तो कितीही वर्षे घरात नांदो, मालकाच्या मर्जीवर राहणारा भाडेकरूच ठरतो. या दोहोंची गाठ पडली म्हणजे राष्ट्राचे काय होते, व फारकत झाली म्हणजे काय होते, हे दोन्ही प्रकार एकाच काळी व एकाच बंदरात जगाने पाहिले आहेत. ते बंदर चीनमधील कँटन, आणि तो काळ इ. स. १७८४ चा. त्या वर्षी ‘एम्प्रेस ऑफ चायना’, म्हणजे ‘चीनची सम्राज्ञी’, या नावाचे अमेरिकेचे पहिले व्यापारी जहाज तेथे नांगर टाकून उभे राहिले. त्याच्या सफरीची हकीकत आमच्या व्यापारी वाचकांनी हिशेबाच्या नजरेने व इतरांनी राजकारणाच्या नजरेने वाचावी, अशा योग्यतेची आहे.

अमेरिकेचे आजचे वैभव पाहणाऱ्यास तिची त्या वेळची स्थिती खरी वाटणार नाही. सप्टेंबर १७८३ मध्ये पॅरिस येथे तह होऊन इंग्लंडने तिचे स्वातंत्र्य मान्य केले, आणि १४ जानेवारी १७८४ रोजी तेथील काँग्रेसने त्या तहास संमती दिली. परंतु स्वातंत्र्य मिळाले म्हणून पेठेत पैसा खुळखुळू लागला, असे मात्र झाले नाही. युद्धाचे कर्ज डोक्यावर होते, कागदी चलनाची पत गेली होती, आणि तेरा संस्थानांची तोंडे तेरा दिशांना होती. त्यातच जुलै १७८३ मध्ये इंग्लंडने हुकूम काढून वेस्ट इंडीजमधील आपल्या बेटांचा व्यापार अमेरिकन जहाजांस बंद केला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या दुकानी उठबस होती, त्याचेच दार असे लावले गेले. चहाची गोष्टही तशीच. १७७३ साली बोस्टनच्या लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीचा चहा समुद्रात बुडविला, ही कथा शाळेतील मुलासही ठाऊक असते. पण दुसऱ्याचा चहा समुद्रात फेकून देणे सोपे आणि आपला चहा चीनहून आणणे अवघड. स्वातंत्र्य मिळाल्यावरही अमेरिकनांस चहा हवाच होता, आणि तो युरोपातील अडत्यांच्या हातून विकत घेतला तर राज्य आपले व नफा परक्याचा, हा जुना प्रकार तसाच चालू राहिला असता.

ही अडचण ओळखून काही व्यापाऱ्यांनी एक पेढी उभी केली. फिलाडेल्फियाचा रॉबर्ट मॉरिस हा तिचा मुख्य आधार. युद्धकाळी राष्ट्राचा खजिना सांभाळणारा तो हाच गृहस्थ. डॅनियल पार्कर वगैरे इतर भागीदार मिळून सुमारे १,२०,००० डॉलर भांडवल जमले. बोस्टन येथे बांधलेले सुमारे ३६० टनांचे जहाज घेतले. युद्धात आरमारावर काम केलेल्या जॉन ग्रीन यास कप्तान नेमले. आणि मालाचा मुख्य मुखत्यार म्हणून बोस्टनच्या सॅम्युअल शॉ याची योजना केली. शॉ याचे वय तेव्हा तिशीच्या आत होते. स्वातंत्र्ययुद्धात तोफखान्यावर तो अधिकारी होता व जनरल नॉक्स याच्या हाताखाली वावरलेला होता. आमच्याकडील वाचकांनी येथे थोडे थांबावे. लढाईवरून परत आलेला हा शिकलेला तरुण सरकारी जागेसाठी अर्ज करीत बसला नाही. त्याने मालाची यादी हाती घेतली आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडे जाणाऱ्या जहाजावर पाऊल ठेवले.

आता जहाजात भरावयाचे काय, हा प्रश्न. चिनी व्यापाऱ्यास युरोपी मालाची फारशी गोडी नव्हती. त्यास चांदी हवी असे, आणि अमेरिकेत तर चांदीचा दुष्काळ. तेव्हा या मंडळींनी आपल्याच अरण्याकडे दृष्टी वळविली. अमेरिकेच्या डोंगराळ रानात ‘जिनसेंग’ नावाची एक मुळी उगवते. तिच्याच जातीच्या मुळीस चिनी वैद्य शक्तिवर्धक म्हणून मोठा मान देतात. घरी जिला फारसे कोणी विचारीत नव्हते अशी ती मुळी सुमारे ३० टन गोळा करून जहाजात भरली. तिच्या जोडीला कातडी, लोकरी कापड, शिसे, कापूस, मिरी आणि सुमारे २०,००० डॉलर रोख चांदी. गिऱ्हाइकास काय हवे आहे याचा आधी शोध करावा आणि ते आपल्या परसात कोठे सापडते हे मग पाहावे, हे व्यापाराचे पहिले सूत्र या लोकांनी बरोबर धरले होते.

प्रतिस्पर्धी मात्र स्वस्थ बसलेला नव्हता. या जहाजाच्या थोडे आधी, डिसेंबर १७८३ मध्ये, ‘हॅरिएट’ नावाचे एक लहानसे गलबत हीच मुळी घेऊन बोस्टनहून चीनकडे निघाले होते. केप ऑफ गुड होप येथे कंपनीच्या इंग्रजांनी त्यास गाठले आणि मुळीच्या दुप्पट वजनाचा चहा देऊन सारा माल तेथल्या तेथे घेऊन टाकला, असे सांगतात. कप्तानास सौदा किफायतीचा वाटला व तो आनंदाने परतला. पण इंग्रजांनी चहा देऊन काय विकत घेतले? नव्या राष्ट्राच्या जहाजाचे चीनला पोचणेच त्यांनी विकत घेतले! वाटेतच जास्त भाव देऊन उगवता व्यापार खुडून टाकण्याची ही युक्ती पुढे हिंदुस्थानच्या वाट्यासही निराळ्या वेषाने आली. ती हकीकत खाली येईलच.

‘एम्प्रेस ऑफ चायना’ २२ फेब्रुवारी १७८४ रोजी न्यूयॉर्कहून निघाले. काँग्रेसने त्यास एक सागरी पत्र दिले होते, आणि कायद्याच्या अभ्यासकास त्या पत्राची मौज वाटल्यावाचून राहणार नाही. वाटेत कोण भेटेल व कोणाची सत्ता कोठवर चालते हे ठाऊक नसल्यामुळे पृथ्वीवरील सम्राट, राजे, प्रजासत्ताके, राजपुत्र, सरदार, नगराधिकारी अशा झाडून सर्वांस आदरपूर्वक उद्देशून ते लिहिलेले होते. हसणाराने हसावे, पण सहा आठवड्यांपूर्वी तहावर शिक्का उठविलेल्या राष्ट्राने आपल्या व्यापाऱ्याच्या पाठीशी आपले नाव उभे केले, हा त्यातील मुद्दा. आफ्रिकेला वळसा घालून जुलैत जहाज सुंदाच्या सामुद्रधुनीस लागले. तेथे एका फ्रेंच जहाजाची सोबत मिळाली. २३ ऑगस्ट रोजी मकाव आणि २८ ऑगस्ट रोजी कँटनचे बंदर व्हांपोआ गाठले. तेरा संस्थानांच्या नावे तेरा तोफांची सलामी झाली.

१७५७ पासून चीनच्या बादशहाने युरोपी व्यापार एकट्या कँटन येथे कोंडून ठेवला होता. सरकारने नेमलेल्या ‘हाँग’ व्यापाऱ्यांशीच सौदा करावयाचा, आणि हंगाम संपताच निघून जावयाचे, असा तेथील शिरस्ता होता. इंग्रजीच बोलणारे पण इंग्रज नव्हेत असे हे लोक कोण, हे प्रथम चिन्यांस कळेना. शॉ याने त्यांच्यापुढे नकाशा पसरून आपला देश केवढा आहे व त्याची वस्ती कशी वाढत आहे हे दाखविले. एवढी मोठी नवी बाजारपेठ पाहून ते व्यापारी संतुष्ट झाले आणि पाहुण्यांस ‘नवे लोक’ म्हणू लागले. निशाणाचा उपयोग हा असा होतो. जहाज तेच, माल तोच, भाषाही तीच. परंतु काठीवरचे कापड बदलताच तो मनुष्य इंग्लंडचा रयत राहिला नाही, एका राष्ट्राचा प्रतिनिधी झाला. १७८६ साली काँग्रेसने शॉ यास कँटन येथे आपला वकील नेमले.

२८ डिसेंबर रोजी चहा, रेशीम, नानकीन कापड आणि चिनी मातीची भांडी भरून जहाज निघाले व ११ मे १७८५ रोजी न्यूयॉर्कला परत आले. नफा सुमारे ३०,००० डॉलर, म्हणजे शेकडा पंचवीस. पावणेपंधरा महिने भांडवल गुंतले आणि सारे समुद्राच्या हवाली होते, हे लक्षात घेता हा नफा डोळे दिपविणारा नव्हता. पण वाट मोकळी झाली. लागलीच सेलम, बोस्टन, फिलाडेल्फिया, प्रॉव्हिडन्स येथील पेढ्या आपापली जहाजे पूर्वेकडे पाठवू लागल्या, आणि थोड्याच वर्षांत कँटन येथे इंग्रजांच्या खालोखाल अमेरिकनांचा क्रमांक लागू लागला.

हे सारे एकट्या व्यापाऱ्यांच्या हिमतीवर झाले असे कोणी समजू नये. १७८९ साली नवी राज्यघटना अमलात येताच तेथील विधिमंडळाने जे अगदी पहिले कायदे केले, त्यांत जकातीचा व टनेजकराचा कायदा होता. साधा काळा चहा अमेरिकन जहाजातून थेट चीनहून आला तर पौंडास ६ सेंट जकात. अमेरिकन जहाजातूनच पण युरोपमार्गे आला तर ८. आणि परक्या जहाजातून आला तर १५. बंदरात येणाऱ्या देशी जहाजास टनामागे ६ सेंट, परक्या जहाजास ५०. धाडस व्यापाऱ्याने करावे आणि त्या धाडसाभोवती कुंपण सरकारने घालावे, अशी ही वाटणी होती.

आता त्याच कँटनच्या धक्क्यावर दुसरीकडे पाहू. शॉ तेथे उतरला त्याच वर्षी इंग्लंडने चहावरील शंभराहून अधिक टक्के असलेली जकात साडेबारा टक्क्यांवर आणली. चहाची मागणी एकदम वाढली, आणि त्याचे मोल चुकविण्यासाठी मुंबईहून कापसाची जहाजे कँटनला वाढत्या प्रमाणात जाऊ लागली. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांस चीनचा रस्ता अमेरिकनांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. हिरजी जीवनजी रेडीमनी १७५६ सालीच तिकडे गेले होते. जमशेटजी जीजीभाई यांनी १७९९ पासून स्वतः चीनच्या सफरी केल्या. जहाजे बांधण्याची विद्या परकी होती असेही नाही. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्याने बांधलेल्या सागवानी जहाजांची वाखाणणी खुद्द इंग्रज करीत. कापूस आमचा, सागवान आमचे, सुतार आमचे, खलाशी आमचे, पुष्कळ वेळा भांडवलही आमचे. अमेरिकनांपाशी यापैकी निम्मेही नव्हते. मग उणे काय होते? उणे होते ते एक निशाण. परवाना कंपनीचा होता आणि कायदा पार्लमेंटचा होता. १८१४-१५ च्या सुमारास पार्लमेंटने ठरविले की हिंदी खलाशी हे ब्रिटिश खलाशी समजावयाचे नाहीत. आणि ब्रिटिश जहाजाच्या सवलती हव्या असतील तर बहुतेक खलाशी ब्रिटिशच असले पाहिजेत. राज्य करावयाच्या वेळी आम्ही ब्रिटिश रयत, आणि मजुरी मागावयाच्या वेळी परके! उलट १७९४ च्या तहाने इंग्लंडने आपल्या हिंदुस्थानातील बंदरांत अमेरिकन जहाजांस व्यापाराची मुभा दिली. कालपरवा बंड करून सुटलेल्यास दार उघडले, आणि ज्याचे घर त्यास वाटेत अडविले. निशाणाची किंमत कोणास रुपये-आणे-पैशांत मोजून पाहावयाची असेल, तर त्याने हा हिशेब पाहावा.

दोष सारा परक्यांचा असे म्हणून मात्र आमची सुटका होत नाही. पांढरपेशा वर्गात समुद्र ओलांडणे हे पातक मानले जाई, आणि परत आलेल्यास प्रायश्चित्त सांगण्यात शास्त्रीमंडळी गुंतलेली असे. कोकणातील खारवी, गाबीत, भंडारी व मुसलमान खलाशी आणि गोव्याचे ख्रिस्ती खलाशी यांनी समुद्राची विद्या जिवंत ठेवली. पण त्यांच्या गाठी भांडवल नव्हते आणि समाजात त्यांस मान नव्हता. ज्यांच्यापाशी पैसा व अक्षर होते ते काठावर, आणि ज्यांच्यापाशी धाडस होते ते तुटपुंज्या पगारावर, अशी ही वाटणी आम्हीच आमच्या हाताने केली होती.

ती मोडण्याचा मोठा प्रयत्न १९१९ साली झाला. नरोत्तम मोरारजी, वालचंद हिराचंद आदी मंडळींनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. हे जहाज ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेले होते, आणि त्याचे मूळ नाव होते ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’! अमेरिकेची ‘चीनची सम्राज्ञी’ आणि आमची ही ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’, यांमध्ये १३५ वर्षांचे अंतर पडले. पुढे जे झाले ते हॅरिएटच्या हकीकतीची आठवण करून देणारे आहे. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाडी उतरवून सिंदियास जेरीस आणले, आणि १९२३ च्या करारान्वये तिला आपली जहाजे ठराविक टनेजाच्या मर्यादेत व किनारी व्यापारापुरती ठेवणे भाग पडले. १९२८ साली सारभाई हाजी यांनी किनारी व्यापार हिंदी जहाजांस राखून ठेवण्याचे बिल विधिमंडळात आणले, तेव्हा हा भेदभाव होय अशी ओरड झाली. अमेरिकेने १७८९ साली जे पहिल्या अधिवेशनात केले, ते येथे नुसते मागणेही अपराध ठरले. कारण तेव्हा आमच्यापाशी जहाज होते, पण निशाण नव्हते.

१९४७ साली निशाण मिळाले. ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. आणि जहाजे? देशाच्या परदेशी व्यापाराचा वजनाने शेकडा ९५ च्या आसपास भाग समुद्रावरून जातो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यापैकी शेकडा ४० च्या घरात माल हिंदी जहाजांतून जात असे. पुढे हे प्रमाण घसरत घसरत शेकडा १० च्या खाली आले. स्वराज्यात पिकलेला माल, स्वराज्याच्या बंदरातून, परक्याच्या जहाजात चढतो आणि भाड्याची रक्कम परक्याच्या पेढीवर जमा होते. कबजा होता तेव्हा दस्तऐवज नव्हता. आता दस्तऐवज पेटीत सुरक्षित आहे आणि कबजा सुटत चालला आहे!

यावर व्यवहारी म्हणविणारे लोक म्हणतात, ज्याचे भाडे स्वस्त त्याच्या जहाजात माल भरावा. जहाज कोणाचे याची पंचाईत कशाला? हा युक्तिवाद शांत दिवसांत गोड लागतो. २०२१ साली करोनाच्या साथीत पेट्यांचा तुटवडा पडून भाडी कित्येक पटींनी चढली, तेव्हा ज्या निर्यातदारांचा माल धक्क्यावर पडून राहिला त्यांस विचारावे की स्वस्त भाड्याचे ते मित्र त्या वेळी कोठे होते. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्यास तहान आपली असली तरी घोट त्याच्या मर्जीने घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे व तो आम्ही टाळू इच्छीत नाही. अमेरिकनांच्या या व्यापाराचे पुढे काय झाले? पहिल्या सफरीतच भागीदार पार्कर हा हिशेब न देता युरोपात पळाला. मॉरिस जमिनींच्या सट्ट्यात बुडून १७९८ साली दिवाणी तुरुंगात गेला. १७८७ साली चीनला जहाज पाठविणारा प्रॉव्हिडन्सचा जॉन ब्राउन गुलामांचाही व्यापार करी. आणि मुळी व कातडी पुरेनाशी झाली तेव्हा कित्येक अमेरिकन पेढ्यांनी तुर्कस्थानची अफू चीनमध्ये नेली. आमची मान येथे ताठ राहत नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जात होती आणि मुंबईच्या कित्येक इमारतींच्या पायात तो पैसा आहे. जहाज हे साधन होय, पुण्य नव्हे. त्यात काय भरावे व हिशेब कसा ठेवावा हे नीतीने आणि कायद्याने ठरविले पाहिजे. परंतु चाकूने खून होतो म्हणून कोणी स्वयंपाकघर बंद करीत नाही. आम्हांस अमेरिकनांचे धाडस हवे आहे. त्यांची अफू नको आणि पार्करची वहीही नको.

तेव्हा कर्तव्य काय? व्यापारी बंधूंस आमचे सांगणे असे की, एकट्याच्या खिशास जे जहाज पेलत नाही ते दहाजणांच्या भागीदारीस पेलते. मॉरिसनेही एकट्याने जहाज घेतले नव्हते. जमिनीच्या तुकड्यात व सोन्याच्या लडीत अडकून पडलेल्या भांडवलाचा काही अंश तरी समुद्राकडे वळला पाहिजे. सरकारास आमचे सांगणे असे की, सागरी दिनाची भाषणे पुरेत; देशी जहाजास कमी व्याजाचे कर्ज, सुटसुटीत कर आणि सरकारी मालाची हमी या तीन गोष्टी मिळाल्यावाचून देशी मालक परक्याच्या तोडीस उभा राहणार नाही. आणि आईबापांस सांगणे असे की, जगभरच्या जहाजांवर आजही हिंदी खलाशी व अधिकारी मोठ्या संख्येने राबत आहेत. अंगी विद्या आहे, छातीत हिंमत आहे. फक्त जहाज दुसऱ्याचे आहे. मुलगा किंवा मुलगी समुद्रावर जाऊ म्हणते तेव्हा त्यांस मागे ओढू नका; पण नुसते परक्याच्या पगारावर समाधान मानण्यासही शिकवू नका.

सॅम्युअल शॉ याचे शरीर या व्यापारातच खर्ची पडले. चौथ्या सफरीत मुंबईस जडलेल्या आजाराने १७९४ साली परतीच्या वाटेवर समुद्रावरच त्याचा अंत झाला. त्याच्या पहिल्या जहाजाचेही नाव बदलले, मालक बदलले, आणि १७९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ते बुडाले. मनुष्य जातो, जहाजही जाते. उरतो तो त्यांनी पाडलेला रस्ता. आमच्या निशाणास तसा रस्ता पाडून देणारी जहाजे या पिढीने बांधली नाहीत, तर पुढची पिढी असेच विचारील की दस्तऐवज हाती असून कबजा कोणी घालविला. आणि त्या फिर्यादीत आमच्या बाजूने उभा राहील असा वकील आम्हांस तरी दिसत नाही.